पहिला मासा कोणता पाळाल?



‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही ओळ तुम्ही वाचली नाही असे होणारच नाही. कधी आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, कधी शाळेच्या प्रभातफेरीतल्या फलकावर ती असते. पण मासा पाळायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे त्या भिंतीवर लिहिलेले नसते. जागा पुरणार नाही म्हणून असेल! ते आज आपण पाहू.

आधी माझीच फजिती सांगतो. मी सातवीत असताना परभणीला फेब्रुवारीत भरणाऱ्या उरुसातून दोन गोल्डफिश विकत आणले. काचेची गोल बरणी गळ्यापर्यंत नळाच्या पाण्याने भरली आणि त्यात मासे सोडले. लाडाने दिवसातून चार वेळा भाकरीचा चुरा टाकू लागलो. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झाले. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. मला वाटले, बिचारे भुकेले आहेत. आणखी चुरा टाकला. शेवटी रविवारी बरणी, खडे, सारे काही धुण्याच्या सोड्याने लख्ख घासले आणि नळाचे ताजे पाणी भरले. सोमवारी सकाळी दोन्ही मासे पोट वर करून तरंगत होते.

आजी म्हणाली, दृष्ट लागली. शेजारचे काका म्हणाले, उरुसातला माल तो, किती टिकणार! खरे कारण मला कितीतरी वर्षांनी, कॉलेजात गेल्यावर कळले. मासे भुकेने मेले नव्हते की दृष्ट लागून मेले नव्हते. ते विषाने मेले होते, आणि त्यातले बरेचसे विष त्यांच्या स्वतःच्याच शरीरातून आलेले होते.

आपण खाल्लेल्या प्रथिनांतला जास्तीचा नायट्रोजन आपले यकृत युरियाच्या रूपात आणते आणि तो मूत्रावाटे बाहेर पडतो. माशाला एवढी यातायात करावी लागत नाही. भोवती पाणीच पाणी असल्याने तो हा नायट्रोजन थेट अमोनियाच्या रूपाने, बराचसा कल्ल्यांवाटे, सोडून देतो. गंगाखेडला गोदावरीच्या पात्रात हे चालून जाते, कारण अमोनिया पातळ होतो, वाहून जातो. बरणीत तो साठत राहतो. न खाल्लेला भाकरीचा चुरा कुजला की त्यात आणखी भर पडते. या अमोनियाने कल्ल्यांना इजा होते आणि मासा पाण्यात असूनही गुदमरतो. माझे मासे तोंड उघडत होते ते अन्नासाठी नव्हे, श्वासासाठी.

मग साध्या हौदात, डबक्यात मासे वर्षानुवर्षे कसे जगतात? याचे उत्तर तुमच्या शेतातच आहे. कपाशीला युरिया दिला, तर काळ्या मातीत त्यापासून आधी अमोनिया होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि हे नायट्रेट पिकाची मुळे शोषून घेतात. नायट्रोजनचक्राच्या आकृतीत तुम्ही नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावे पाठ केली असतील. हेच चक्र माशाच्या टाकीतही फिरते. (एक गंमत: टाकीतले दुसरे काम नायट्रोबॅक्टरच करतो असे पुष्कळ वर्षे धरून चालत. १९९८ साली अमेरिकेतील संशोधकांनी तपासले, तेव्हा तेथे नायट्रोस्पिरा नावाचे वेगळेच जीवाणू राबताना आढळले. पाठ्यपुस्तकातले प्रत्येक नाव प्रत्येक ठिकाणी लागू पडतेच असे नाही.) नायट्राइट हेही माशाला विषारीच. नायट्रेट मात्र बरेच निरुपद्रवी.

हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. खड्यांवर, भांड्याच्या आतल्या अंगाला, वनस्पतींच्या पानांवर त्यांचा पातळ बुळबुळीत थर धरतो. तो पुरेसा वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. माझ्या बरणीत तो जेमतेम धरू लागला असेल, तोच मी सोड्याने घासून काढला, आणि उरलासुरला नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मारला. क्लोरीन तर माशाच्या कल्ल्यांनाही सोसत नाही. म्हणजे मी मासे पाळत होतो, पण पाणी पाळत नव्हतो. मासा पाळणे हे काम शंभरातले नव्वद टक्के पाणी पाळण्याचेच आहे.

आता, आपले पाणी कसे आहे? परभणी जिल्ह्यात काळ्या मातीखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट पसरलेला आहे. त्यातून झिरपलेले पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन विहिरीत आणि बोअरमध्ये येते. ‘बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ असे आई म्हणते, साबणाचा फेस होत नाही, तेच हे दुष्फेन पाणी. शिवाय ते बहुधा थोडे अल्कधर्मी असते. अमेझॉनच्या खोऱ्यातले टेट्रा, एंजल यांसारखे मासे मूळचे सुफेन, किंचित आम्लधर्मी पाण्यातले. दुकानात ते कितीही देखणे दिसोत, आपल्या बोअरच्या पाण्याशी त्यांची मैत्री जमवणे हे नवख्याचे काम नाही. गप्पी आणि त्याचा नातलग मॉली यांना मात्र दुष्फेन पाणी मानवते.

या पाण्याची एक मेख मात्र ध्यानात ठेवा. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यांतले एकच रूप फार विषारी असते. २५ अंश सेल्सिअसला, सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा सुमारे दोनशेवा भागच विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो विसावा भाग होतो, आणि सामू साडेआठ झाला की सातवा! उष्णता वाढली तरी हे प्रमाण वाढते. म्हणजे आपल्याकडे, आणि त्यातही उन्हाळ्यात, जास्त खाऊ घालण्याची चूक अधिक महागात पडते.

गोल्डफिश पहिला मासा म्हणून घेऊ नका, असे मी अनुभवाने सांगतो. तो वीतभर वाढतो, दहा-दहा वर्षे जगू शकतो, पाणी फार घाण करतो आणि त्याला थंडावा लागतो. गोल बरणीत तो शोभून दिसतो, एवढेच. फायटर मासा बरा. तो मूळचा थायलंडकडचा. आपल्या मरळीप्रमाणेच त्यालाही हवेतून श्वास घेण्यासाठी खास अवयव असतो. म्हणून वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तरी तो तग धरतो. पण दोन नर एकत्र ठेवले तर लढून जायबंदी होतील. शिवाय दुकानात तो छोट्या बाटलीत दिसतो, म्हणून त्याला बाटली पुरते असे मुळीच नाही. अमोनिया त्यालाही होतोच.

माझे मत गप्पीला. नावावरून तो गप्प बसणारा वाटेल, पण ते नाव माणसाचे आहे. त्रिनिदाद बेटावरच्या रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांनी हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले. तेथील गुंथर या शास्त्रज्ञाने १८६६ साली त्यांच्यावरून माशाचे नाव ठेवले. पुढे कळले की पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच या माशाचे वर्णन केले होते. त्यामुळे शास्त्रीय नावातून गप्पीसाहेब गेले, लोकांच्या तोंडी मात्र राहिले. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. (परभणी तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होती.) त्यानंतर डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांना महत्त्व आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीस गप्पी भारतात आला.

आता भांडे. माझा सल्ला ऐकाल तर काचेच्या टाकीवर पैसे घालवण्याआधी कुंभाराकडून पसरट तोंडाची, रंग न लावलेली, बुडाला भोक नसलेली, २५ ते ३० लिटरची मातीची कुंडी आणा. पाण्यात प्राणवायू वरच्या पृष्ठभागातून शिरतो. बरणीच्या तोंडाचा व्यास १२ सेंटिमीटर धरला तर पृष्ठभाग सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर होतो. कुंडीचा व्यास ४० धरा आणि गणित करून पाहा, अकरापट निघेल. दुसरे म्हणजे उष्णता. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३५ अंशांना ७ च मिलिग्रॅम; आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने कुंडीतलेही राहते. तिची जागा सावलीत असावी, सकाळचे थोडे ऊन चालेल. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरू लागला की तिला घरात घ्या आणि पोते गुंडाळा.

कुंडीत धुतलेली खडी घाला. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाला शाळेत वापरतात ती हायड्रिला स्वच्छ धुऊन तिच्या चार-सहा काड्या लावा. नळाचे पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवून मगच वापरा. आपल्याकडे बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे साठवणीचे पाणी घरात असतेच. टंचाईचा एवढा एकच फायदा!

आणि आता थांबा. लगेच मासे सोडू नका. तीन-चार आठवडे रोज माशांच्या खाद्याची चिमूट नुसत्या पाण्यात टाका. त्या कुजण्यातून अमोनिया होईल आणि जीवाणू वाढू लागतील. कुंडीच्या तोंडावर पातळ फडके बांधायला मात्र विसरू नका. नाहीतर हिवताप टाळायला निघालात आणि डासच पाळलेत, असे व्हायचे. ज्याच्याकडे जुनी टाकी आहे त्याच्याकडून मूठभर न धुतलेली खडी मिळाली तर हे काम बरेच लवकर होते. मग दोन गप्पी सोडा. पंधरा दिवस ठीक गेले तर आणखी चार. पहिला महिनाभर दर तिसऱ्या दिवशी चौथा हिस्सा पाणी बदला, नंतर आठवड्यातून एकदा पुरे. रबरी नळी पाण्याने भरून, टोकाला अंगठा धरून वक्रनलिका करा आणि तळचा गाळ ओढून घ्या. तोंडाने ओढू नका. खडी कधीही नळाखाली धुऊ नका. काढलेले पाणी तुळशीला घाला, त्यात नायट्रेट असते.

उन्हाळ्यात पाणी आटते तेव्हा नुसती भर घालत राहू नका. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरे फूल धरते ते हेच. म्हणून थोडे जुने पाणी काढून मग नवे घालावे.

दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्या. परगावी जायचे असेल तर दोन-तीन दिवस उपास घडला तरी मोठ्या माशाचे काही बिघडत नाही. शेजाऱ्यांना खाऊ घालायला सांगून जाऊ नका. ते प्रेमाने बरेच टाकतात.

सुरुवातीला नर तेवढेच घ्या. नर लहान आणि रंगीत, त्याच्या पोटाखालचा पर काडीसारखा अरुंद असतो. मादी मोठी, फिकट, पोटाला फुगीर. ती अंडी न घालता दर तीन-चार आठवड्यांनी जिवंत पिले देते आणि एकदा नराशी संयोग झाला की कित्येक महिने नराशिवायही देत राहते. काही पिले ती स्वतःच खाते, तरीही कुंडी लवकरच भरून जाईल.

जास्तीची पिले गोदावरीत, दुधनेत, पूर्णेत किंवा गावतळ्यात मात्र सोडू नका. हा परका मासा आहे. तो आपल्या लहान माशांची अंडी-पिले खातो आणि त्यांच्या अन्नात वाटेकरी होतो. आरोग्य खाते तो बंदिस्त साठ्यांत सोडते, पण त्यालाही आता बऱ्याच जीवशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे. त्यापेक्षा वर्गातल्या मित्राला द्या. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा ठेवून तोंड बांधा. आणि महिनाभर आधी आपल्या कुंडीतली मूठभर खडी ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्याकडे पोचवा.