मोंबासाला निघताना

फुफूंच्या घरच्या निकाहसाठी केनियातल्या मोंबासाला जायचे ठरले आणि आम्ही बॅगा जरीच्या कपड्यांनी भरल्या. तिथल्या दमट उकाड्यात ते एकाच रात्री अंगावर चढले. रोज कामी आले ते सुती, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे सलवार-कमीज. त्यांनी उन्हापासून वाचवले, मलेरियाच्या डासांपासूनही. कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधायची आपली सवय! केनियात २०१७ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे, म्हणून अम्मींनी जुन्या चादरीच्या पिशव्या शिवल्या.

चुकलो ते पीतज्वराच्या लशीत. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि तिचे पिवळे कार्ड १० दिवसांनी लागू होते. कार्डाविना परतल्यास भारतात ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. आम्हाला आठवण झाली जाण्याच्या आठवडाभर आधी. तिकिटे पुढे ढकलली. मेहंदी हुकली, निकाह मात्र अल्हम्दुलिल्लाह गाठला.