काट्याची टक्कर काट्याशीच!

गुलाबाला काटे नसतात. थांबा, लगेच फुलवाल्याशी भांडायला निघू नका! वनस्पतिशास्त्राच्या हिशोबात लिंबाचा किंवा बोगनवेलीचा काटा म्हणजे रूप बदललेली फांदी. निवडुंगाचा काटा म्हणजे रूप बदललेलं पान. आणि गुलाबाचा? ती नुसती सालीवरची टोकदार वाढ, बोटाने आडवी दाबली की कट्‌कन मोडते. म्हणजे प्रेमवीरांनी ज्याच्या नावाने इतके उसासे टाकले, तो टेक्निकली काटाच नाही. बोटातून येतं ते रक्त मात्र ओरिजिनल!

मराठी माणूस असल्या बारकाव्यात पडत नाही. टोचतंय ना? मग काटा! हाच स्टिकर आपण घड्याळाला लावला, तराजूला लावला, माशाला लावला आणि स्वतःच्या अंगालाही लावला.

आधी वांग्याकडे वळू. माहीत आहे का, वांग्याच्या देठावरचे काटे आणि गुलाबाचे काटे यांच्यामागे एकाच कुटुंबातली जनुकं आहेत? 2024 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे संशोधन छापून आलं. जनुकांचं नाव 'लॉग'. लॉग-इन असेल तर काटे, लॉग-आउट झालं की वांगं गुळगुळीत. भरल्या वांग्याच्या चवीत फरक पडतो का, हे मात्र कुठल्या तरी आजीलाच विचारावं लागेल.

फणसाचं प्रकरण आणखी भारी. त्याच्या अंगावरचा एकेक काटा म्हणजे एकेका फुलाचं टोक! शेकडो फुलं एकमेकांना चिकटून एक फणस होतो. 2016 मध्ये पुण्यात एका फणसाने 42.72 किलो वजन भरून गिनीज बुकात नाव काढलं. फणसावर काटे होतेच, त्या दिवशी फणसच काट्यावर चढला.

काट्यावर चढायचं म्हटलं की ऊस आलाच. कारखान्याच्या गेटवर भरलेला ट्रॅक्टर एकदा काट्यावर जातो, रिकामा होऊन पुन्हा एकदा जातो, आणि दोन आकड्यांच्या वजाबाकीवर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. त्यात काटा 'मारला' तर? 20 टनांच्या खेपेत नुसती एक टक्क्याची काटामारी झाली, तरी 200 किलो ऊस हवेत गायब! जादूगारही टोपीतून फार तर ससा गायब करतो. म्हणूनच हुशार गडी आधी बाहेरच्या खासगी काट्यावर गाडी तोलून घेतो, मग कारखान्याची वाट धरतो. वजनकाट्यावर आंदोलनं होतात, पथकं तपासणीला येतात. गुलाबाचा काटा निदान टोचला तर कळतं तरी.

सराफाचा काटा याच्या अगदी उलट, नाजूक. जुन्या हिशोबात आठ गुंजांचा एक मासा आणि बारा मासे म्हणजे एक तोळा. म्हणजे तोळाभर सोन्याला 96 गुंजा. आता गंमत बघा. सराफाकडे काट्यावर मासा, आणि कोळणीकडे माशात काटा!

क्विक ब्रेक, एक कोडं. घड्याळाचा तासकाटा आणि मिनिटकाटा दिवसभरात किती वेळा एकमेकांवर येतात? 24 म्हणालात? चुकलात! 22. कारण अकरा ते एक या दोन तासांत दोघं एकदाच भेटतात, ठोक्याला बाराच्या. आणि हो, बोलिव्हियाच्या संसदेवरचं घड्याळ 2014 मध्ये चक्क उलटं करून टाकलं. काटे उजवीकडून डावीकडे! दक्षिण गोलार्धात सावली अशीच फिरते, हे त्यामागचं लॉजिक.

अंगावर काटा येतो तेव्हा नेमकं काय होतं, माहीत आहे का? प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. थंडी वाजली, भीती वाटली किंवा एखादी तान काळजाला भिडली, की तो आकसतो आणि केस उभा राहतो. सायाळसुद्धा असाच काटा फुलवते. फरक इतकाच, तिचं बघून बिबट्या दोन पावलं मागे सरतो. आपलं बघून कुणी तरी पंखा बंद करतं.

आता इतिहासातला माझा सर्वांत लाडका काटा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी भारताच्या आरपार सुमारे 3,700 किलोमीटरची जकातरेषा आखली होती. कशासाठी? मिठाची चोरटी वाहतूक अडवायला! तिच्या मोठ्या भागावर बोर, बाभूळ आणि निवडुंगाचं जिवंत काटेरी कुंपण वाढवलं होतं. पहाऱ्याला सुमारे 12,000 माणसं. हे कुंपण नेटाने वाढवणारा अधिकारी कोण? ॲलन ह्यूम! तोच, 1885 च्या काँग्रेस स्थापनेतला. एका हाताने काटे लावले, दुसऱ्या हाताने सरकारच्या वाटेत काटा. 1879 मध्ये ही रेषा मोडीत निघाली आणि एवढं अवाढव्य कुंपण लोकांच्या आठवणीतूनही पुसलं गेलं.

क्राइम पेजवर तर हा शब्द ओव्हरटाइम करतो. 'प्रियकराच्या मदतीने पतीचा काटा काढला' ही हेडलाइन वाचली नाही असा मराठी वाचक दाखवा! कोल्हापुरात मात्र मूड एकदम वेगळा. तिथे काटा कुस्ती म्हणजे तोडीस तोड जोड, आणि एखादी गोष्ट 'काटाकिर्र' झाली म्हणजे विषय संपला, नाद खुळा!

शेवटी जेवणाच्या टेबलावर या. थॉमस कॉरिएट नावाच्या इंग्रज प्रवाशाने इटलीत लोकांना काट्याने मांस खाताना पाहिलं आणि 1611 च्या आपल्या पुस्तकात ते कौतुकाने लिहिलं. स्वतःही काटा वापरू लागला. मित्रांनी त्याचं नावच काटेवाला पाडलं! पुढे हा अवलिया बराचसा प्रवास पायी करत जहांगीराच्या काळात अजमेरला पोचला आणि 1617 मध्ये सुरतेला वारला. म्हणजे इंग्लंडला काट्याची ओळख करून देणारा माणूस आपल्या शेजारच्या गुजरातच्या मातीत विसावला आहे.

सुरतेहून किनारा धरून तो आणखी खाली कोकणात उतरला असता, तर काट्याने काटा काढायची त्याची हौस फिटली असती. ही म्हण पापलेटपर्यंत कशीबशी चालते. ताटात पेडवे आले, की काटा-चमचा बाजूला ठेवून मुकाट्याने हात धुऊन यायचं!