पत्र्याखाली आवाज का घुमतो? हॉटेलातला गोंगाट कमी करायचे साधे उपाय

शिरड शहापूर : श्रावणी सोमवारी औंढा नागनाथला निघालेल्या गाड्या वसमत–औंढा रस्त्यावर चहा-नाश्त्याला थांबतात. पत्र्याची शेड गच्च भरलेली असते. टीव्ही चालू, डोक्यावर पंखा, मागं मिक्सर. एक पोहे सांगितले तर दोन येतात आणि शिव्या वेटर खातो. खरं तर बऱ्याच वेळा दोष त्याच्या कानाचा नसतो, छताचा आणि भिंतींचा असतो.

आवाज चेंडूसारखा आदळून परत येतो. फरशी आणि सिमेंटचा गिलावा शंभरातले चार-पाच भागही शोषत नाही, बाकीचा सगळा परत फेकतो. त्यात पत्रा आणि स्टीलची टेबलं. एका टेबलावरचं बोलणं विरायच्या आत दुसऱ्याचं त्यात मिसळतं. औंढ्याच्या मंदिरात खाली गाभाऱ्यात उतरल्यावर दगडात नामजप घुमतो तो कानाला गोड लागतो, कारण सगळे एकच म्हणत असतात. हॉटेलात वीस माणसं वीस गोष्टी बोलतात, तिथं तेच घुमणं डोकं उठवतं.

पुढं आणखी एक गंमत होते. गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. शेजारचा त्याच्यावर चढवतो. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1911 मध्ये ही सवय नोंदवली. त्यात मालकानं टीव्ही मोठा केला की झालंच!

यावरचा इलाज जुना आहे. 1895 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एका नव्या हॉलमध्ये मास्तरांचं बोलणं मुलांना कळेना. रिकाम्या हॉलमध्ये आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन या प्राध्यापकानं रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणून हॉलमध्ये मांडल्या आणि घड्याळ लावून मोजलं. जितक्या गाद्या जास्त, तितकं घुमणं कमी. मऊ, जाड आणि छिद्रं असलेली वस्तू आवाज पिते, एवढाच याचा अर्थ.

आधी परीक्षा करा. हॉटेल रिकामं असताना मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. टाळीनंतर शेपटासारखा आवाज रेंगाळला तर काम करायला जागा आहे. मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप मिळतं. त्याचा आकडा कोर्टात चालणार नाही, पण आधी किती आणि नंतर किती हे ताडायला पुरतो.

खर्च करायचा तर पहिला छतावर करा, कारण सगळ्यात मोठी मोकळी जागा तीच. दोन इंची ग्लासवूल किंवा रॉकवूलच्या पट्ट्या कापडात शिवून पत्र्याखाली थोडं अंतर सोडून टांगल्या तर चांगला फरक पडतो. कापड घट्ट शिवा, त्यातले तंतू ताटात पडायला नकोत. भिंतीवर जाड सतरंजी किंवा चुण्या पाडलेला जाड पडदा चालतो. मांडवाचं पातळ कापड फक्त दिसायला छान. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला मोबाईलवर फिरतो, तो ऐकू नका. आवाज फारसा कमी होत नाही आणि भट्टीची ठिणगी पडली तर शेड जाते. बारदान आणि कापडही पेटतं, म्हणून ते चुलीपासून लांबच ठेवा.

फुकटातले उपायही आहेत. खुर्च्यांच्या पायांना जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे चढवा, मिक्सरखाली जाड रबर ठेवा, भांडी घासायची जागा गिऱ्हाइकापासून आडोशाला न्या. टीव्हीचा आवाज अर्धा करा, बातम्या तशाही खाली लिहून येतात. हिशोब मात्र खरा सांगायला हवा : आवाज पिणारं सामान दुप्पट केलं तर गोंगाट साधारण 3 डेसिबलनं उतरतो. आकडा लहान आहे, पण तेवढ्यानं लोक ओरडायचं कमी करतात आणि पुढचा फरक आपोआप पडतो.

शेजाऱ्याला होणारा त्रास ही वेगळी गोष्ट. बार किंवा मंगल कार्यालयातला डीजे गाद्या लावून बाहेर जायचा थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत लागते. मराठवाड्यातली जुनी धाब्याची घरं जाड मातीची, म्हणून बाहेरचा गलका आत येत नसे. पत्रा हलका, बेसचा धडधडाट त्यातून सरळ पलीकडं जातो. तिथं स्पीकर लहान करणं, त्याचं तोंड वस्तीकडून फिरवणं आणि आवाज खाली आणणं हाच उपाय.

नियम 2000 सालापासून आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा, रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. खासगी जागेतला साउंड हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त चढता कामा नये. रात्री 10 नंतर स्पीकर बंद. सूट आहे ती बंदिस्त हॉलच्या आतल्या वापराला, आणि तीन बाजूंनी उघडी शेड म्हणजे बंदिस्त हॉल नव्हे. सरकार वर्षातले ठराविक दिवस जाहीर करून रात्री 12 पर्यंत मुभा देऊ शकतं. एरवी त्रास झाला तर 112 वर फोन करून तक्रार देता येते.