शेवटचा उंदीर

उंदीर म्हटला की आपल्याला आठवते ते पोखरलेले धान्याचे पोते. त्याने पाखरांच्या साऱ्या जाती नष्ट कराव्यात, हे खरे वाटत नाही.

न्यूझीलंडच्या दक्षिणेला बिग साउथ केप नावाचे एक लहान बेट आहे. तेथे जहाजांवरचे काळे उंदीर शिरल्याचे १९६४ साली उघड झाले. तेथील पाखरांनी असा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. उंदरांनी असे काय बिघडणार, असे काही जाणते शास्त्रज्ञही म्हणत होते. डॉन मर्टन आणि त्यांचे सहकारी मात्र थांबले नाहीत. त्यांनी साउथ आयलंड सॅडलबॅक जातीचे ३६ पक्षी उचलून शेजारच्या बेटांवर नेले. त्या जातीचे आजचे सारे पक्षी त्या ३६ जणांचे वंशज होत. तेथला छोटा रेन पक्षी, पाणलावा आणि एक वटवाघूळ यांना मात्र वाचविता आले नाही.

तेव्हापासून प्रश्न उभा राहिला, बेटावरचे उंदीर समूळ काढता येतील काय? घरात दहांतले नऊ मारले तरी आपण समाधान मानतो. बेटावर मात्र एक गाभण मादी उरली की सारे श्रम फुकट! म्हणून विष प्रत्येक उंदराच्या हद्दीत पडले पाहिजे. शिवाय उंदीर मोठा संशयी. खाताच पोटात दुखले तर पुन्हा त्या वस्तूला तोंड लावत नाही. यासाठी रक्त गोठू न देणारे, काही दिवसांनी मारणारे विष धान्याच्या गोळ्यांत घालतात. हंगाम निवडतात तो हिवाळ्याचा, कारण तेव्हा अन्न दुर्मिळ असते.

कॅम्पबेल बेट सुमारे ११,३०० हेक्टरांचे, ओसाड आणि वादळी. २००१ साली तेथे हेलिकॉप्टरांतून सुमारे १२० टन आमिष टाकले. उपग्रहांच्या साहाय्याने पट्ट्याला पट्टा भिडवीत वैमानिक फिरले. या विषाने इतर पाखरेही दगावतात. हा व्यवहार निष्पाप नव्हे, आणि तो करणाऱ्यांनी तसे भासवूही नये. परंतु काहीच न करणे म्हणजे काय, ते बिग साउथ केपने दाखविले होते.

२००३ साली बेट उंदीरमुक्त ठरले. तेथला न उडणारा बदक पुढे माणसांनी परत नेऊन सोडला. पाणलावा मात्र जवळच्या एका खडकाळ बेटावर तग धरून होता. तो कोणी न आणता आपणहून परतला.