तळ्यावरील शिडांची शर्यत

इंग्लंडमधील फ्लीटवूडसारख्या किनारी गावांत मानवनिर्मित तळ्यांवर छोट्या शिडाच्या नौकांच्या शर्यती होतात. नौकेत इंजिन नसते. ती केवळ वाऱ्यावर चालते. १९८८ मध्ये सुरू झालेला ‘इंटरनॅशनल वन मीटर’ हा त्यांतील लोकप्रिय वर्ग. नौकेची लांबी एक मीटरपेक्षा अधिक नसावी, वजन चार किलोपेक्षा कमी नसावे, असा दंडक आहे. खर्चिक साहित्यावरही बंधने असल्याने पैशापेक्षा कौशल्यास महत्त्व येते.

नाविक काठावरून रेडिओ यंत्राद्वारे दोनच गोष्टी करतो : सुकाणू वळवणे आणि शिडांचे दोर ओढणे वा सैल सोडणे. नौका समोरून येऊ लागली की डावे-उजवे उलट भासते आणि नवख्याची त्रेधा उडते. जाणकार मात्र पाण्यावरील लहरी पाहून येणारी झुळूक आधीच ओळखतो.

मार्गाचा हक्क असलेल्या नौकेला अडथळा केल्यास दोषी नौकेने तत्काळ बाजूला होऊन एक पूर्ण फेरा घ्यावा, असा नियम आहे. तेवढ्यात मागच्या नौका पुढे निघून जातात. तरीही कोणी बोट दाखवण्याआधी नाविकाने स्वतःहून फेरा घ्यावा, ही अपेक्षा असते. या खेळाची प्रतिष्ठा त्या प्रामाणिकपणावरच उभी आहे.