मेंढपाळांच्या तळावर

गव्हाची कापणी आटोपली की देवास-धारच्या मोकळ्या शेतांत मारवाडहून आलेल्या रायका मेंढपाळांचे तळ पडतात. अशा एका तळावर मी रात्रभर राहिलो. त्यांच्या फिरत्या समूहाला ‘डांग’ म्हणतात. पुढचा मुक्काम नंबरदार ठरवतो. महाराष्ट्रातील धनगरांप्रमाणेच हेही रात्री शेतात मेंढ्या बसवतात आणि लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य वा पैसे घेतात. पावसाळ्यापूर्वी पुष्कळजण मारवाडला परततात. ही भटकंती दिशाहीन नव्हे. पाऊस, पीक आणि चारा यांचा तो जुना मेळ आहे. १९७० नंतर माळव्यात सोयाबीन पसरले, कूपनलिका वाढल्या, पडीक राने आक्रसली. ही वाट बुजली, तर रायकांची उपजीविका जाईलच; आपली काळी मातीही लेंडीखताला मुकेल.