सहा कोटी पंचाण्णव लाखांतल्या तीनशे जणी

1891 च्या जनगणनेत मध्य प्रांतातल्या जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या होती 7,48,146. 1901 मध्ये ती 6,80,585 वर आली. दहा वर्षांत जन्मलेली मुले धरूनही 67,561 माणसे कमी भरली, म्हणजे दर अकरा जणांमागे एक. याचे मुख्य कारण 1896-97 आणि 1899-1900 हे दोन दुष्काळ.

यातला पहिला दुष्काळच देशभर 3,07,000 चौरस मैलांवर पसरला होता. आजच्या महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा हा मुलूख, आणि त्यात 6 कोटी 95 लाख लोक. सरकारने एका माणसाला एक दिवस दिलेली मदत हे एकक धरून हिशेब ठेवला. तो भरला सुमारे 82 कोटी, खर्च सव्वासात कोटी रुपये. प्रचंड वाटणारे हे आकडे भागून पाहा. सगळ्यांना सारखी वाटली असती, तर ही मदत माणशी बारा दिवसही पुरली नसती. एका माणसाच्या एका दिवसावर झालेला खर्च दीड आण्याहूनही कमी.

मध्य प्रांतातल्या या उपासमारीच्या बातम्या ऐकून पंडिता रमाबाई तिकडे गेल्या. भूक त्यांनी स्वतः सोसली होती. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. त्यानंतर भावासोबत त्या देशभर पायी हिंडल्या. ही सगळी पायपीट सुमारे 4,000 मैलांची, भारताच्या दक्षिणोत्तर लांबीच्या दुप्पट. 1883 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि 1889 मध्ये मुंबईत अवघ्या दोन विद्यार्थिनींवर शारदा सदन ही स्त्रियांची शाळा सुरू केली.

मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आणल्या. दुष्काळग्रस्तांशी ताडून पाहिले, तर सुमारे दर 2,32,000 जणांमागे एक. शारदा सदन तोवर पुण्यात आले होते, पण तिथे प्लेगमुळे एवढ्या जणींना ठेवायला परवानगी मिळेना, म्हणून त्यांना केडगावच्या आपल्या शेतावर नेले. तेच पुढे मुक्ती मिशन झाले. खरूज, जखमा, कुपोषण यांनी पिचलेल्या या मुलींना न्हाऊ घालणे, भरवणे, अक्षर शिकवणे यासाठी शारदा सदनातल्या जुन्या मुली पुढे आल्या. कालपर्यंत ज्यांना आधार हवा होता, त्याच आता दुसऱ्यांचा आधार झाल्या.

पुढच्या काही वर्षांत तिथली संख्या 1,900 च्या आसपास गेली. माणशी अर्धा किलो धान्य धरले, तरी रोज साडेनऊ क्विंटल लागणार, वर्षाला जवळपास 3,500 क्विंटल. शेती, विणकाम, छपाई अशी कामे तिथल्या स्त्रिया शिकल्या आणि त्यांनीच ती चालवली. रमाबाईंनी मराठीत केलेले संपूर्ण बायबलही त्यांनीच छापले. रमाबाई 1922 मध्ये वारल्या, आणि बायबल 1924 मध्ये बाहेर पडले.

कोट्यवधींच्या दुःखापुढे तीनशे ही संख्या नगण्य आहे, असे म्हणणारे तेव्हाही असतील, आजही असतात. त्या तीनशे जणींसाठी मात्र तो हिशेब शंभर टक्क्यांचा होता. ज्याला सेवा करायची आहे, त्याने देशातल्या गरजूंची संख्या मोजत बसू नये. आपल्याच्याने होईल तेवढ्यांपासून सुरुवात करावी, आणि आज ज्यांना हात दिला, त्यांना उद्या दुसऱ्याला हात देण्याइतके समर्थ करावे. दोनाचे एकोणीसशे असेच झाले.